शून्याने भागायचं नाही, पण का नाही?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

सहावी-सातवीच्या मुलांना संध्याकाळी गणित शिकवते. अपूर्णांक आणि परिमेय संख्या आल्या की पुस्तकात एक अट येते: छेद शून्य नसावा. मुलं अट पाठ करतात, पेपरात लिहितात, आणि कुणी "का?" विचारलं तर "तसा नियमच आहे" म्हणतात. गणितात हे उत्तर मला सहन होत नाही. बाकीचे नियम कुठून तरी येतात, तसा हाही येत असणार, आणि तो कुठून येतो ते बारा वर्षांच्या मुलाला कळेल असं सांगता आलं पाहिजे.

मी सध्या सांगते ते असं. भागाकार म्हणजे गुणाकाराचाच उलटा प्रश्न. १२ ÷ ४ म्हणजे "४ ला कितीने गुणलं की १२ येतात?" उत्तर ३, आणि ३ सोडून दुसरं काहीही चालत नाही. आता १२ ÷ ०. शून्याला कितीने गुणलं की १२ येतील? शून्याच्या पाढ्यात शून्याशिवाय काही येतच नाही, म्हणजे उत्तर नाही. मग ० ÷ ०? शून्याला कितीने गुणलं की ० येईल? ५ चालतं, ७०० चालतं, उणे ३ पण चालतं. एकीकडे एकही उत्तर नाही, दुसरीकडे वाटेल ते उत्तर. हे दोन वेगळे आजार आहेत, आणि पुस्तकं दोन्ही एकाच वाक्यात गुंडाळतात याचं मला वाईट वाटतं.

इथपर्यंत मुलांना पटतं. पुढचे प्रश्न अवघड आहेत. एकीने विचारलं, उत्तर "अनंत" का नाही म्हणायचं? तिचा दादा अकरावीला आहे, त्याचा प्रश्न आणखी वरचा: उणे एकचं वर्गमूळ नव्हतं तेव्हा नवी संख्या बनवली, मग १ ÷ ० साठी का नाही बनवत? शिवाय "भास्कराचार्यांनी याचं उत्तर आठशे वर्षांपूर्वीच दिलंय" हेही वर्गात कुणीतरी म्हणतंच. या तिन्हींवर जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

माळरान

ताई, उलट्या गुणाकाराचं स्पष्टीकरण अगदी पक्कं आहे, त्यावरच उभे राहा. फक्त खालच्या इयत्तेसाठी वजाबाकीची वाट जोडा. १२ ÷ ४ म्हणजे १२ मधून ४ किती वेळा वजा होतात. ८, ४, ०, तीन वेळा. आता १२ मधून ० वजा करत राहा. १२, १२, १२... थांबायची वेळ येतच नाही. जुनी विजेवरची यांत्रिक गणकयंत्रं भागाकार असाच, वजाबाकी करत करत, करायची. भाजक शून्य ठेवला की त्यांची चक्रं गरगर फिरत राहायची, कुणीतरी थांबवेपर्यंत. यूट्यूबवर अशा यंत्रांचे व्हिडिओ आहेत. मुलांना जरूर दाखवा, दहा मिनिटांच्या व्याख्यानापेक्षा जास्त काम होतं.

शेवंता

मी तिसरी-चौथीला शिकवते. आमच्याकडे भागाकार "वाटप" म्हणूनच सुरू होतो. १२ पेढे ४ मुलांत, प्रत्येकाला ३. मग ० मुलांत वाटले तर? वर्गातली निम्मी मुलं ठामपणे "१२" म्हणतात, कारण वाटलेच नाहीत, बारा तसेच राहिले. या उत्तराला काय म्हणावं?

वर्गमूळ

शेवंताताई, तुमच्या वर्गातल्या मुलांना फार मोठी सोबत आहे. महावीराचार्यांनी इसवी सनाच्या नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यात नेमकं हेच म्हटलंय: शून्याने भागलं तरी राशी बदलत नाही. कुणाला काही दिलंच नाही, तर होतं तेवढं राहिलं.

आता हे का टिकत नाही ते बघा. वाटपात उत्तर कशाचं असतं? प्रत्येकाच्या वाट्याचं. ताटात उरले किती, हा बाकीचा प्रश्न. १२ ही इथे बाकी आहे, भागाकार नव्हे. एका माणसाचा वाटा किती, हा प्रश्न माणूसच नसेल तर विचारताच येत नाही. मुलांना हा फरक कळतो, कारण भागाकार आणि बाकी त्यांनी वेगवेगळ्या जागी लिहिलेली असते. शिवाय पडताळा हातात आहेच: १२ ÷ ० = १२ धरलं, तर १२ × ० = १२ यायला हवं. येत नाही.

तिसरा मजला

मला अजूनही "अनंत" हेच उत्तर बरोबर वाटतं, आणि त्याचं कारण साधं आहे. १ ÷ ०.१ = १०, १ ÷ ०.०१ = १००, १ ÷ ०.००१ = १०००. भाजक शून्याकडे सरकतोय तसा भागाकार वाढतोय. मग भाजक शून्यावर पोचला की भागाकार अनंतावर पोचणार. यात न पटण्यासारखं काय आहे? गणिताचे लोक उगीच घाबरतात असं वाटतं.

निंबोणी

तिसरा मजला, तुमची दिशा चांगली आहे, फक्त तुम्ही एकाच बाजूने चालताय. आता दुसऱ्या बाजूने या. १ ÷ (−०.१) = −१०, १ ÷ (−०.०१) = −१००. हाही भाजक शून्याकडेच सरकतोय, पण उत्तर उणे अनंताकडे पळतंय. शून्य मधोमध आहे. डावीकडून येणारा एक उत्तर सांगतो, उजवीकडून येणारा त्याच्या बरोब्बर उलटं. कुणाचं ऐकायचं? १/क्ष चा आलेख काढून बघा, शून्यापाशी तो दोन तुकड्यांत फाटतो. एक तुकडा कागदाबाहेर वर जातो, दुसरा खाली.

आणि ० ÷ ० तर याहून मजेदार. अंश आणि छेद दोन्ही शून्याकडे नेले तर उत्तर कशावर ठरतं? कोण किती वेगाने शून्याकडे चाललंय यावर. अंशात २ह, छेदात ह ठेवा आणि ह लहान लहान करत जा, उत्तर २. अंशात ७ह ठेवा, उत्तर ७. अंशात ह² ठेवा, उत्तर शून्याकडे जातं. पाटीपेन्सिल म्हणाल्या ते "वाटेल ते उत्तर" इथेही पुन्हा भेटतं. तो योगायोग नाही, एकच गोष्ट दोन खिडक्यांतून दिसतेय.

सगळं कलनशास्त्र (कॅल्क्युलस) याच जागेवर उभं आहे. क्षणिक वेग म्हणजे शून्य वेळात कापलेलं शून्य अंतर, म्हणजे ० ÷ ०. न्यूटन आणि लायब्निझ यांनी फार छोट्या राशी घेऊन भागाकार केला आणि नंतर त्या राशी शून्य म्हणून सोडून दिल्या. १७३४ मध्ये जॉर्ज बर्कली या बिशपने त्यावर बोट ठेवलं: भागताना ती राशी शून्य नव्हती, मग सोडताना शून्य कशी झाली? "निघून गेलेल्या राशींची भुतं" असं त्याने त्यांना म्हटलं. आक्षेप रास्त होता. पक्कं उत्तर यायला कोशी आणि वायरस्ट्रास या गणितज्ञांपर्यंत, म्हणजे एकोणिसाव्या शतकापर्यंत थांबावं लागलं. ते उत्तर असं की शून्याने भागायचंच नाही; शून्याच्या जवळ जाताना भागाकार कुठल्या संख्येकडे झुकतो तेवढं विचारायचं. त्या संख्येला सीमा म्हणतात. सीमा असू शकते, नसूही शकते. भागाकार शून्यावर पोचतच नाही.

तिसरा मजला

दोन बाजूंची अडचण पटली. पण त्यावर उपाय दिसतोय. अधिक अनंत आणि उणे अनंत एकच समजा. संख्यारेषेची दोन्ही टोकं वाकवून एका बिंदूत जोडली, वर्तुळ झालं. मग १ ÷ ० ला एकच उत्तर येईल.

निंबोणी

हा उपाय खरोखर आहे, आणि गणितात तो रोज वापरतात. सरळ रेषेचा चढ म्हणजे उभं अंतर भागिले आडवं अंतर. पूर्ण उभ्या रेषेचं आडवं अंतर शून्य. तिला उजवीकडून टेकलेली म्हणा की डावीकडून, रेषा एकच, म्हणून चढही एकच: ∞. प्रक्षेपी भूमितीत हे अगदी स्वाभाविक आहे. संमिश्र संख्यांसाठी, म्हणजे √−१ धरून बनणाऱ्या संख्यांसाठी, रीमानचा गोल आहे. कागदाचं अख्खं प्रतल गोलावर चढवायचं, गोलाच्या माथ्यावरचा एक बिंदू उरतो, तो ∞. तिथे १ ÷ ० = ∞ आणि १ ÷ ∞ = ० हे लिहितात, आणि त्यात काही चूक नाही.

पण तिथेही ० ÷ ०, ० × ∞, ∞ − ∞ रिकामेच ठेवावे लागतात. आणि १ ÷ ० = ∞ लिहिलं तरी दोन्ही बाजूंना ० ने गुणून १ = ० × ∞ असं म्हणता येत नाही. म्हणजे "भागाकार हा गुणाकाराचा उलटा" हा पाया त्या एका जागी सोडावा लागतो. तिथे त्याची कुणाला गरज नसते म्हणून ते चालतं. सातवीच्या वर्गात मात्र तोच पाया आहे.

वर्गमूळ

आता अकरावीतल्या दादाच्या प्रश्नाकडे येतो, कारण या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच आहे. √−१ ला परवानगी आणि १ ÷ ० ला नाही, हा पक्षपात वाटतो. तो पक्षपात नाही हे दोन ओळींत सिद्ध होतं.

समजा श ही नवी संख्या आहे आणि ० × श = १. आता ० + ० = ० हे तर खरंच. मग

(० + ०) × श = ० × श + ० × श

डावी बाजू म्हणजे ० × श, म्हणजे १. उजवी बाजू १ + १, म्हणजे २. तर १ = २. दोन्हीकडून १ काढा, ० = १. आणि ० = १ झालं की कुठलीही संख्या घ्या, क = क × १ = क × ० = ०. सगळ्या संख्या शून्य! गणितात अशी रचना आहे, तिच्यात एकच घटक असतो, आणि तिथे शून्याने खुशाल भागता येतं. पण तिथे मोजायलाच काही नाही.

या दोन ओळींत आपण काय काय वापरलं बघा: ० + ० = ०, आणि कंसाबाहेरचा गुणक आत वाटून देण्याचा वितरणाचा नियम. एवढंच. म्हणजे श हवा असेल तर यातलं काहीतरी टाकून द्यावं लागेल. वितरण टाकलं तर २३ × ४७ हा उभा गुणाकारसुद्धा करता येणार नाही, कारण आपण २० आणि ३ वेगवेगळे गुणून बेरीज करतो ती त्याच नियमावर.

आता √−१ बघा. बोम्बेली या गणितज्ञाने १५७२ मध्ये त्या संख्यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम लिहिले. ती संख्या आत घेतली तर बेरीज, गुणाकार, वितरण, शून्य सोडून बाकी सगळ्यांनी भागाकार, सगळं जसंच्या तसं चालू राहतं. किंमत एकच मोजावी लागते: लहान-मोठं ही तुलना जाते. √−१ शून्याहून मोठी म्हणाल तर तिचा वर्ग −१ हाही शून्याहून मोठा निघतो. शून्याहून लहान म्हणाल तर तिची उणे बाजू मोठी, आणि तिचाही वर्ग −१ च. पुढे १८४३ मध्ये हॅमिल्टनने क्वाटर्निअन (चार भागांच्या संख्या) आणले, तेव्हा अ × ब = ब × अ हा नियम सोडला. तीही मोठी किंमत, पण मोबदल्यात अवकाशातली फिरकी मोजायचं साधन मिळालं.

म्हणून मी मुलांना असं सांगेन: नवी संख्या आणायला गणितात बंदी नाही. तिच्यासाठी काय सोडावं लागतं आणि काय मिळतं, एवढंच बघायचं. १ ÷ ० साठी जवळपास सगळंच सोडावं लागतं, आणि मिळत काही नाही. "व्याख्या नाही" याचा अर्थ कुणाला उत्तर सापडलं नाही असा नाही. उत्तर ठेवायला तिथे जागाच नाही हे सिद्ध झालेलं आहे.

गोदाकाठ

या चर्चेत आपल्या पूर्वजांचं योगदान बाजूला पडू नये. भास्कराचार्यांनी १ ÷ ० म्हणजे अनंत हे तेव्हाच सांगून ठेवलं होतं. पाश्चात्त्यांना ते कितीतरी शतकांनी कळलं. हे पाठ्यपुस्तकात का नाही?

पोथीशाळा

गोदाकाठ, पाठ्यपुस्तकात हा इतिहास यायलाच हवा, याबाबत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. मात्र तो यायचा तर मूळ ग्रंथांत आहे तसा यावा, कारण मूळ गोष्ट "आधीच सांगितलं होतं" यापेक्षा कितीतरी रसाळ आहे.

सुरुवात ब्रह्मगुप्तापासून. भिल्लमाळचा, म्हणजे आजच्या राजस्थानातल्या भीनमाळचा. इसवी सन ६२८ मध्ये तिशीत 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला. शून्याला इतर संख्यांसारखी संख्या मानून धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम त्याने मांडले. ते आपण आजही तसेच शिकवतो. भागाकारात तो म्हणतो की ० ÷ ० म्हणजे ०, आणि इतर संख्येला शून्याने भागलं तर ती "तच्छेद", म्हणजे छेदात शून्य असलेली राशी. तिची किंमत तो सांगत नाही. पहिला नियम आज आपण मानत नाही. पण दुसऱ्यात राशी तशीच लिहून पुढचा निर्णय मोकळा ठेवलाय, हा संयम मला फार भावतो.

मग महावीराचार्य, त्यांच्याबद्दल वर आलंच आहे. मग भास्कराचार्य, जन्म १११४. 'सिद्धान्तशिरोमणि' ११५० चा, आणि 'लीलावती' व 'बीजगणित' हे त्याचेच भाग मानतात. बीजगणितात ३ ÷ ० हे उदाहरण घेऊन ते म्हणतात, "अयमनन्तो राशिः खहर इत्युच्यते". ही अनंत राशी, हिला खहर म्हणतात (ख म्हणजे शून्य, हर म्हणजे छेद). त्यानंतर प्रसिद्ध श्लोक आहे: प्रलयकाळी असंख्य जीव अच्युतात विलीन झाले आणि सृष्टीच्या वेळी बाहेर पडले तरी तो जसा बदलत नाही, तसं खहरात कितीही मिळवा, कितीही वजा करा, विकार होत नाही. गणिताच्या पुस्तकात इतका उंच श्लोक मी दुसरा वाचलेला नाही.

आणि हा नुसता भक्तिभाव नाही, त्यामागे हिशेब आहे. अपूर्णांकांच्या बेरजेची नेहमीची रीत लावा: ३/० + ५ = (३ + ५ × ०)/० = ३/०. खरंच विकार होत नाही.

आता लीलावतीतला दुसरा धागा, जो कमी लोक वाचतात. तिथे ते सांगतात की राशीला शून्याने गुणलं तर शून्य येतं, पण पुढची क्रिया बाकी असेल तर ते लगेच शून्य करून टाकू नका, "शून्याने गुणलेली राशी" म्हणून तशीच धरून ठेवा. पुढे शून्यानेच भागायचं आलं तर राशी मूळचीच राहते. यावर उदाहरण दिलंय: एका संख्येला शून्याने गुणलं, त्यात त्याचंच अर्ध मिळवलं, ३ ने गुणलं, शून्याने भागलं, ६३ आले. संख्या कोणती? उत्तर १४. आपण ताळा बघू. १४ आणि त्याचं अर्ध ७, मिळून २१, तिप्पट ६३. बरोबर, फक्त त्यातलं "शून्य" निंबोणी यांनी वर घेतलेल्या ह सारखं, संपत आलेलं पण अजून न संपलेलं असं धरलं तर. खरोखरचं शून्य धरलं तर १४ काय, कुठलीही संख्या चालते. आणि भास्कराचार्य लगेच पुढे म्हणतात की या गणिताचा ग्रहगणितात मोठा उपयोग आहे. ग्रहाची तात्कालिक गती त्यांनी सिद्धान्तशिरोमणीत काढली आहे, तेव्हा हा उल्लेख वाऱ्यावरचा नाही.

म्हणजे भास्कराचार्यांनी शून्याच्या भागाकाराकडे दोन तऱ्हांनी पाहिलं. आजच्या तर्काने त्या दोन्ही एकत्र नांदत नाहीत, वर्गमूळ यांची दोन ओळींची सिद्धता ते होऊ देत नाही. पण अनंताची जाण आणि सीमेची जाण, दोन्हींच्या जवळ तो माणूस बाराव्या शतकात पोचला होता.

पुढे कृष्ण दैवज्ञ, विदर्भातून काशीला गेलेल्या घराण्यातले. बीजगणितावरच्या टीकेत ते लिहितात की भाजक जसा जसा कमी करावा तसा भागाकार वाढतो, आणि भाजक पराकोटीचा कमी केला तर भागाकार पराकोटीचा वाढतो. तिसरा मजला यांचं १०, १००, १००० हेच आहे!

आणि हा काही एकट्या भारताचा गोंधळ नव्हता. ऑयलरसारखा गणिती १७७० च्या बीजगणितात १ ÷ ० ला अनंत म्हणतो आणि २ ÷ ० हे त्याच्या दुप्पट असं सांगतो. भास्कराचार्यांच्या खहरात काही मिळवलं तरी बदल नाही, ऑयलरचं अनंत दुप्पट होतं. एवढ्या दोन मोठ्या माणसांची उत्तरं जुळत नाहीत यातच प्रश्न किती खोल आहे ते दिसतं.

गोदाकाठ

सविस्तर प्रतिसादाबद्दल आभार. हा भाग वेगळ्या लेखात यावा असं वाटतं. चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांचा शिलालेख आहे ना?

पोथीशाळा

हो, पाटणादेवीच्या परिसरातला. तो भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्याशी संबंधित आहे. यादव राजा सिंघणाच्या दरबारातला हा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला आणि त्याला दान मिळालं, अशी त्यातली हकिकत. काळ तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला. शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. म्हणजे खहराचा श्लोक खानदेशात वर्ग भरवून शिकवला जात असणार. सहल काढायची असेल तर पावसाळ्यानंतर जा, डोंगर हिरवे असतात.

अर्धविराम

संगणकवाल्यांची बाजू. आमच्याकडे "व्याख्या नाही" म्हणून हात झटकता येत नाहीत, प्रोसेसरला काहीतरी करावंच लागतं. पूर्णांकांचा भागाकार असेल तर इंटेलच्या प्रोसेसरमध्ये काम थांबवून "भागाकारात चूक" असा इशारा जातो. त्या इशाऱ्यांच्या यादीत याचा क्रमांक चक्क ०. दशांश संख्यांसाठी १९८५ चं आयईईई ७५४ हे मानक आहे. विल्यम कहान यांचं त्यात मुख्य काम, त्यांना १९८९ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. त्यात १ ÷ ० = अनंत, आणि ० ÷ ० = "नॅन", म्हणजे "ही संख्याच नाही" असा शिक्का. पाटीपेन्सिल यांनी वेगळे केलेले दोन आजार इथेही वेगळेच ठेवलेत. शिवाय या मानकात अधिक शून्य आणि उणे शून्य अशी दोन शून्यं आहेत, म्हणजे निंबोणींच्या डाव्या-उजव्या बाजूची सोय. किंमत? नॅन स्वतःशीही बरोबर नसतो. नॅन = नॅन विचारलं तर उत्तर "नाही".

भाषाभाषांतही एकमत नाही. जावास्क्रिप्ट अनंत देते, पायथन त्रुटी दाखवून थांबतो, डेटाबेसांपैकी मायएसक्यूएल रिकामी किंमत देतं, पोस्टग्रेस चूक दाखवतं. गणिती सिद्धता तपासणाऱ्या लीन या संगणकभाषेत तर १ ÷ ० = ० धरलंय! तिथे त्याने काही कोसळत नाही, कारण "भागून पुन्हा गुणलं की मूळ संख्या" या प्रमेयालाच "भाजक शून्य नसेल तर" अशी अट जोडलेली आहे. अट जात नाही, फक्त तिची जागा बदलते.

आणि हे सगळं कागदावरचं नाही. सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकेच्या नौदलाची यॉर्कटाउन ही युद्धनौका व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ होती. एका कर्मचाऱ्याने माहितीच्या एका रकान्यात शून्य भरलं. प्रणालीने त्याने भाग दिला, जाळं कोसळलं आणि नौकेचं चलनयंत्र बंद पडलं. सुमारे पावणेतीन तास ती समुद्रात निश्चल होती असं तेव्हा छापून आलं. भागण्याआधी भाजक तपासणारी एक ओळ तिथे असायला हवी होती. नव्या मुलांचं काम तपासताना मी पहिली तीच ओळ शोधतो.

शेवंता

हे वाचून आमच्या निकालपत्रकाची आठवण झाली. एका विषयाला एकही विद्यार्थी बसला नाही, तर उत्तीर्णांची टक्केवारी किती लिहायची? एक्सेल तिथे चूक दाखवतं, मग कुणी ० टक्के लिहितं, कुणी १०० टक्के.

निंबोणी

शेवंताताई, हे ० ÷ ० चं मी वाचलेलं सगळ्यात सुंदर खरं उदाहरण. "बसलेले सगळे पास झाले" हे खरं. "बसलेले सगळे नापास झाले" हेही खरं, कारण कुणी बसलंच नाही. म्हणून १०० आणि ० दोन्ही सारखेच "बरोबर" ठरतात, आणि म्हणूनच दोन्ही लिहायचे नाहीत. रकान्यात आडवी रेघ मारा आणि शेजारी "परीक्षार्थी नाहीत" असं लिहा. ० टक्के लिहिलं तर शिक्षकावर अन्याय होतो, १०० लिहिलं तर वाचणाऱ्याची फसवणूक होते.

बातम्यांतही हे सापडतं. मागच्या महिन्यात ० रुग्ण, या महिन्यात ५, मग वाढ किती टक्के? अशी टक्केवारीच नसते. "शून्यावरून पाच" एवढंच प्रामाणिक वाक्य आहे.

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. निकालपत्रकाचं उदाहरण सातवीला घेणार, पेढ्यांच्या वाटपात भागाकार आणि बाकी वेगळे करून दाखवणार, आणि खहराचा श्लोक फळ्यावर लिहिणार. श ची दोन ओळींची सिद्धता अकरावीतल्या दादाला आजच पाठवली. आणखी एक विचारते: शून्याने भागणं मुलं प्रत्यक्षात कुठे करतात? ५ ÷ ० असं सरळ तर कुणी लिहीत नाही.

वर्गमूळ

अक्षरांच्या आड करतात. तो प्रसिद्ध फसवा पुरावा घ्या. अ = ब. दोन्हीकडे अ ने गुणा: अ² = अब. दोन्हीकडून ब² काढा: अ² − ब² = अब − ब². अवयव पाडा: (अ + ब)(अ − ब) = ब(अ − ब). समान अवयव काटला: अ + ब = ब. आता अ च्या जागी ब ठेवा: २ब = ब, म्हणून २ = १. काटलेला अवयव अ − ब, म्हणजे शून्य. मुलांना चुकीची ओळ शोधायला सांगा आणि ती सापडेपर्यंत मदत करू नका.

पण खरं नुकसान होतं ते दहावीच्या वर्गसमीकरणात. क्ष² = ५क्ष दिलं की कितीतरी मुलं दोन्ही बाजूंना क्ष ने भागतात आणि क्ष = ५ लिहून मोकळी होतात. क्ष = ० हे दुसरं मूळ तिथेच गळतं, कारण क्ष ने भागताना "क्ष शून्य नाही" असं त्यांनी न सांगता गृहीत धरलं. इथे २ = १ सारखं विचित्र काही दिसत नाही, ताळाही जुळतो, फक्त अर्धं उत्तर हरवतं. म्हणून माझ्या वर्गात अक्षराने भागायचं असेल तर आधी शेजारी लिहायचं: "क्ष ≠ ० असेल तर", आणि खाली दुसऱ्या ओळीत "क्ष = ० असेल तर" हेही तपासायचं. नाहीतर सगळं एका बाजूला आणून अवयव पाडायचे, क्ष(क्ष − ५) = ०. सातवीत अजून वर्गसमीकरणं नाहीत, पण ३क्ष = ७क्ष हे देता येईल. बघा किती जणी "३ = ७, म्हणून उत्तर नाही" म्हणतात, आणि किती जणींना क्ष = ० सापडतं.